मदत हवी आहे : विद्यार्थी असताना सामाजिक उपक्रमाची नोंदणी कशी करावी?

सर्वांना नमस्कार. आम्ही अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकणारे चौघे जण गावातील महिला बचत गटासाठी कांदा वाळवण्याचे सौर यंत्र तयार करत आहोत. उन्हात चकत्या दोन दिवसांत कडक होतात. ढगाळ हवेत मात्र कडेने काळ्या पडू लागतात, आणि तिथेच आमचे काम अजून अडले आहे.

दुसरी अडचण कागदपत्रांची आहे. केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात, संस्थेच्या परवानगीने महाविद्यालयाचा पत्ता कंपनी नोंदणीसाठी वापरता येतो आणि हजेरी कमी असली तरी परीक्षेला बसता येते, असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या महाविद्यालयात मात्र हे धोरण कोणी वाचलेले दिसत नाही (अर्जाची पोच मिळाली, उत्तर नाही).

कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली (सामाजिक कामासाठीची कंपनी म्हणून) नोंदणी केल्यास नफा लाभांश म्हणून वाटता येत नाही. मग बचत गटातील महिलांना वाटा कसा द्यायचा? त्यापेक्षा प्रायव्हेट लिमिटेड बरी की उत्पादक कंपनी (जिचे सभासद शेतकरी व उत्पादकच असतात)? विद्यापीठाच्या इनक्युबेशन केंद्रातून (नव्या उद्योगांना सुरुवातीला आधार देणारे केंद्र) किंवा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या सामाजिक उद्योजकता अभ्यासक्रमातून गेलेल्या कोणी, विशेषतः हजेरीच्या सवलतीसाठी अर्ज नेमका कोणाकडे व कसा केला, हे सांगितल्यास फार उपकार होतील.