सुई न टोचता लहान मुलांची टेस्ट होते का? लाळेवर वगैरे? मदत हवी आहे

मुलगी साडेचार वर्षांची, शाळा सुरू झाल्यापासून सर्दी-खोकला-ताप चालूच आहे, एक बरं होतंय तोवर दुसरं. यावेळी ताप उतरेना म्हणून डॉक्टरांनी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि सीआरपी (अंगात सूज-संसर्ग असला की रक्तात वाढणारं प्रथिन) या रक्ताच्या टेस्ट सांगितल्या, अँटिबायोटिक द्यायचं की नाही ते त्यावर ठरवू म्हणाले. पण शीर सापडेना, दोन्ही हातांना टोचलं, रडून रडून घसा बसला पोरीचा आणि आता दवाखान्याचं नाव काढलं तरी पलंगाखाली जाऊन बसते. परत तपासायला सांगितलंय, कशी नेऊ?

कोविडमध्ये आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर आरटीपीसीआर करायची पद्धत काढली होती ना, २०२१ मध्ये आयसीएमआरने मान्यता पण दिली. अमेरिकेत येल विद्यापीठवाल्यांची कोविडची लाळेची टेस्ट तर २०२० मध्येच आली. मग हे तापाच्या बाकी टेस्टना का चालत नाही? लाळेतही सीआरपी सापडतं असं वाचलं, कोणी करून घेतलंय का?

प्रतिसाद :
ताई, मी लॅबमध्येच आहे. गुळणी किंवा लाळ घेतात ती व्हायरस शोधायला, म्हणजे नाकात काडी घालायची वेळ टळते. रक्त काढतात ते शरीर आजाराशी कसं झुंजतंय ते बघायला. सीबीसीत रक्तातल्या पेशी मोजायच्या असतात, ते लाळेवर होणारच नाही. सीआरपी लाळेत असतं खरं पण रक्तापेक्षा खूपच कमी, त्यात हिरड्या सुजल्या असतील तरी आकडा हलतो, त्यावर औषध ठरवणं अवघड. आणि न्यूमोनियाचे बॅक्टेरिया धडधाकट पोरांच्या नाका-घशातही असतात, तोंडात सापडले म्हणून छातीत आहेत असं नाही.
काही लॅब बोटाला टोचून दोन्ही टेस्ट करतात, आधी फोन करून विचारा. बधिर करायचं मलम मिळतं (लिडोकेन-प्रिलोकेन), डॉक्टरांना विचारून तासभर आधी लावा. पाणी भरपूर पाजून न्या, शीर लवकर सापडते. झोपवून दाबून धरू देऊ नका, मांडीवर घेऊन बसा. आणि दुखणार नाही असं खोटं सांगू नका, पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाहीत पोरं.
श्वास जोरात चालला असेल किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर मात्र टेस्टची वाट न बघता लगेच दाखवा.

धागाकर्ती :
खूप धन्यवाद दादा! श्वास ठीक आहे, खेळतेय पण. बोटाचं विचारते उद्या. ते मलम लावल्यावर वरून काही चिकटवायचं असतं का? ही पुसून टाकणार नक्की.