लग्नाला ड्रोनवाला ठरवताना (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांच्या जागी फ्लॅट क्रमांक)

ए-३०४ : लग्नाच्या शूटिंगसाठी ड्रोन घ्यायचा आहे. जागा मोकळं लॉन, अर्ध्यावर मंडप, एका बाजूला उंच झाडं. फोटोग्राफर म्हणतो, "पॅकेजमध्ये ड्रोन आहेच." त्याला नेमकं काय विचारायचं? जाणकारांनी सांगा.

सी-७०१ : ताई, "आहेच" म्हटलं की पहिला प्रश्न : उडवणार कोण? जमिनीवरचा कॅमेरा धरणाराच मधेच रिमोट हातात घेणार असेल तर नको. उडवणाऱ्याची नजर ड्रोनवरच हवी, बहुतेक देशांचा नियमही तोच आहे. उडवणारा वेगळा आणि जमल्यास त्याच्याबरोबर एक मदतनीस, जो लोकांना आणि मुख्यतः पोरांना लांब ठेवील.
मग कागद मागा. त्या माणसाचं लायसन्स (संस्थेचं नव्हे, त्याचं), ड्रोनचा नोंदणी क्रमांक, विमा. विम्यात गंमत असते. ड्रोन पडून ड्रोन मोडला तर भरपाई देणारा विमा वेगळा आणि ड्रोन पडून माणसाला लागलं तर देणारा वेगळा. तुमच्या कामाचा दुसरा, म्हणजे थर्ड पार्टी. त्यावर व्यावसायिक वापर असं लिहिलेलं हवं, हौशी वापराचा विमा पैसे घेऊन केलेल्या शूटिंगला सहसा चालत नाही.

बी-१०२ : पण २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन असेल तर यातलं काहीच लागत नाही ना?

सी-७०१ : ही अर्धवट माहिती सगळीकडे फिरते, दादा. सूट असते ती बऱ्याच ठिकाणी नोंदणी किंवा लायसन्सपुरती, आणि पैसे घेऊन काम केलं की अनेक ठिकाणी तीही जाते. विमानतळाजवळची बंदी छोट्यालाही लागू असते, जमलेल्या गर्दीवरून उडवायची मोकळीकही सहसा मिळत नाही. शिवाय २४९ ग्रॅमच्या ड्रोनला पंख्यांचे गार्ड लावले की तो २५० च्या वर गेला, सूट संपली.
अजून एक : "ॲपने उडू दिलं, म्हणजे चालतंय" हे उत्तर आलं तर सावध व्हा. ॲपमधला नकाशा कंपनीने भरलेला असतो, परवानगी देणारं खातं वेगळं.

डी-२०५ : कागदांचं झालं. चित्राचं बोलू, कारण पैसे त्याचे द्यायचे आहेत. लोक सांगतात "खूप उंचावरून घ्या". बहुतेक देशांत १२० मीटरपर्यंत जाता येतं, पण लग्नात तिथे काही नसतं. साध्या ड्रोनच्या वाइड लेन्सने ३० मीटरवरून सरळ खाली पाहिलं तर फ्रेममध्ये साधारण ४५ बाय २५ मीटर जमीन मावते. फोरके व्हिडिओची रुंदी ३८४० पिक्सेल (चित्राचे ठिपके), म्हणजे एका मीटरला ८५. माणसाचं डोकं पंधरा-सोळा पिक्सेलचं, आणि तेही वरून, म्हणजे केसच. १२० मीटरवर मीटरला एकवीस पिक्सेल उरतात, माणसं ठिपके होतात. जागेची ओळख करून देणारा एक शॉट तेवढ्या उंचीवरून ठीक. बाकी सगळं काम ८ ते २५ मीटरमध्ये, तिरकं.

ए-३०४ : मग सगळ्यांचा एकत्र फोटो वरून घ्यायचा असेल तर?

डी-२०५ : "वरून" म्हणजे डोक्यावर नाही. ड्रोन लोकांच्या समोर १२-१५ मीटर लांब, तेवढ्याच उंचीवर, कॅमेरा सुमारे ४५ अंश खाली. चेहरे वर करायला सांगा. उन्हात डोळे मिटतात म्हणून सूर्य लोकांच्या पाठीशी किंवा बाजूला हवा. सगळे जागेवर आल्यावरच ड्रोन उचलायचा, आधी नाही. दोनशे माणसं गोळा होईपर्यंत अर्धी बॅटरी हवेत जळते.

बी-६०३ : बॅटरीचा हिशेब मांडूनच घ्या. कंपनी ३४ मिनिटं म्हणते, ती शांत हवेत सरळ रेषेत. वाऱ्यात, थांबत-वळत, २५-३० टक्के उरलेली असताना उतरायचं म्हटलं की हातात वीस मिनिटं. मोठ्या ड्रोनवर ४५ लिहिलेलं असतं, तिथे पंचवीस-अठ्ठावीस धरा. तीन बॅटऱ्या कमीत कमी, आणि चार्जिंगच्या हबवर त्या बहुधा एकामागून एक भरतात, एकदम नाही. "दिवसभर ड्रोन" अशी काही वस्तू नसते. वेळापत्रकात तीन खिडक्या ठरवा : पाहुणे यायच्या आधी रिकामी जागा आणि सजावट, मग वधूवरांचं येणं, मग सूर्यास्ताआधीचा अर्धा-पाऊण तास दोघांसाठी. शेवटची खिडकी सगळ्यात मोलाची आणि नेमकी तीच उशिरामुळे बुडते.

ई-४०४ : मुख्य विधी चालू असताना डोक्यावर ड्रोन असतो ना, ते भारी दिसतं.

सी-७०१ : दिसतं भारी, ऐकू येतं वाईट. दहा मीटरवरचा ड्रोन बोलणाऱ्याचा आवाज खातो. ड्रोन स्वतः सहसा आवाज रेकॉर्ड करत नाही, पण त्याची घरघर जमिनीवरच्या सगळ्या माइकमध्ये शिरते आणि नंतर नीट काढता येत नाही. पंख्यांचा वारा खाली येतो तो वेगळाच : पाकळ्या उडतात, दिवे विझतात, हलकं कापड फडफडतं. आणि एक मोटर किंवा एक पंखा गेला की चार पंख्यांचा ड्रोन हवेत तरंगत नाही, दगडासारखा येतो. विधीच्या वेळी बाजूने, लांबून, टेलि लेन्सचा (लांबचं जवळ दाखवणाऱ्या) ड्रोन असेल तर त्याने. ७० मिलिमीटरची दुसरी लेन्स असलेले ड्रोन मिळतात, लग्नासाठी मला तेच योग्य वाटतात.

ए-५०१ : मंडपाखालून उडवायचा आग्रह कोणी धरला तर माझा स्पष्ट नकार. कारण असं. छताखाली जीपीएस कमकुवत, त्यामुळे ड्रोन वाऱ्याबरोबर सरकतो. लोखंडी सांगाडा, एलईडी भिंत, मोठे स्पीकर यांच्याजवळ ड्रोनचा कंपास, म्हणजे होकायंत्र, गडबडतो. आणि सिग्नल तुटला की बहुतेक ड्रोन "घरी परत" या सेटिंगप्रमाणे आधी ठरलेल्या उंचीपर्यंत सरळ वर चढतात. वर काय आहे? मंडपाचं छत. आत उडवायचाच असेल तर सिग्नल तुटल्यावर "जागीच थांब" हे सेटिंग, पंख्यांना गार्ड, आणि जागा रिकामी असताना.
उघड्यावर हेच उलटं : परतीची उंची जवळच्या सर्वांत उंच झाडापेक्षा निदान दहा मीटर जास्त ठेवलेली हवी. हा आकडा त्याला विचारा. जागा न पाहता सांगितला तर त्याने सेटिंग कधी बदललेलंच नाही.

बी-१०२ : अडथळे ओळखणारे सेन्सर असतात की आता.

ए-५०१ : भिंत ओळखतात. बारीक वायर, माळांचे दिवे, पानं गळालेली फांदी बऱ्याचदा नाही. आणि यातले बरेचसे सेन्सर कॅमेरेच असल्यामुळे अंधारात आंधळे. लॉनवर झाडापासून मंडपापर्यंत दिव्यांच्या माळा ओढतात, त्या सकाळी पाहणी केली तेव्हा नसतात. माळा लागल्यावर पुन्हा एक फेरी चालत मारायला लावा.

ॲडमिन : टाकी धुण्याचा मेसेज वर गेला आहे, कृपया पाहावा. ड्रोनची चर्चा चालू द्या.

ई-४०४ : रात्रीच्या रोषणाईचं काय?

डी-२०५ : सूर्य मावळल्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं, आकाशात निळेपणा असतो तेव्हा घ्या. पूर्ण अंधारात कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरला आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० च्या पुढे न्यावं लागतं आणि चित्र दाणेदार होतं. काही ठिकाणी रात्रीच्या उड्डाणाला वेगळी परवानगी आणि ड्रोनवर लुकलुकणारा दिवा लागतो. एलईडी लुकलुकताना दिसले तर शटर (एका फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ) चुकलंय : जिथे वीज ५० हर्ट्झची तिथे १/५० किंवा १/१०० सेकंद.
दुपारी प्रश्न उलटा. सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० ठेवायचं तर कडक उन्हात एनडी ६४ किंवा त्याहून गडद फिल्टर (लेन्सवरची प्रकाश कमी करणारी काच) हवा. तो नसेल तर शटर सेकंदाच्या दोन-तीन हजाराव्या भागावर जातं आणि हालचाल झटके दिल्यासारखी दिसते. जमिनीवरचे कॅमेरे २५ वर आणि ड्रोन ३० वर, हा घोळ तर नेहमीचा. एकच आकडा आधी ठरवा, रंगाचं प्रोफाइलही.

बी-६०३ : वारा. छोट्या ड्रोनची मर्यादा कागदावर ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास असते, पण झोत धरून २५ च्या पुढे मी तरी उडवू नका म्हणेन. खाली पान हलत नसतं तेव्हाही झाडाच्या शेंड्यावर वेगळाच वारा असतो. पाऊस आला तर प्रश्नच मिटला, साध्या ड्रोनना पाण्यापासून संरक्षण नसतं. म्हणून करारात लिहून घ्या : हवामानामुळे उडवता आलं नाही तर ड्रोनचे पैसे किती वळते होणार, आणि उडवायचं की नाही हा शेवटचा शब्द उडवणाऱ्याचा. ही दुसरी अट घालायला तो स्वतःहून सांगत असेल तर माणूस चांगला. आपल्या आग्रहाला प्रत्येक वेळी "होईल, होईल" म्हणणारा नको.

सी-७०१ : आतषबाजी, फुगे, कागदी तुकड्यांची तोफ यांच्या वेळा त्याला आधी द्या, त्या वेळी ड्रोन खाली. तुकडा मोटरमध्ये गेला की संपलं. घारी घिरट्या घालत असतील तरी खाली, त्या झेपावतात.

डी-२०५ : फुटेज. फोरके सेकंदाला १५० मेगाबिटने मिनिटाला एक जीबीच्या थोडं वर जातं. प्रत्येक उड्डाणानंतर कार्ड बदलावं, तिथेच दोन ठिकाणी कॉपी व्हावी. ड्रोन तळ्यात पडला तर निदान आधीचं तरी हाती असतं. मूळ फाइल्स मिळणार का, हेही करारात. शेजारच्या खिडक्या-अंगणं फ्रेममध्ये आली तर ती कापायची, आणि तुमच्या होकाराशिवाय त्याने जाहिरातीसाठी काही टाकायचं नाही.

ए-३०४ : उद्याच त्याच्याशी बोलते. उडवायची जागा मी ठरवून ठेवू का?

ए-५०१ : हो. मंडपापासून लांब, चारही बाजूंना पाच मीटर मोकळी, वर फांदी किंवा वायर नको. गवतात पंखे अडकतात आणि धूळ मोटरमध्ये जाते, म्हणून चटई किंवा सपाट फळी. गाडीच्या बॉनेटवरून अजिबात नको, लोखंडामुळे कंपास तिथेच चुकतो. भोवती दोरी बांधा. उडाल्यावर त्याने ड्रोन डोक्याएवढ्या उंचीवर काही सेकंद स्थिर धरून, घरचा बिंदू (सिग्नल तुटल्यास परतायची जागा) नोंदला गेल्याचं पाहूनच वर न्यावा.