आठ वर्षं हप्ते भरले, आता म्हणतात बीपी लपवला

बाळीवेसकर: आईचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन इथल्या, सोलापुरातल्या खासगी दवाखान्यात झालं. बिल पावणेदोन लाख. आरोग्य विम्याची पॉलिसी २०१७ ची, खंड नाही. तरी क्लेम नाकारला: 'बीपी आधीपासून होता, कळवला नाही.' खड्यांचा बीपीशी काय संबंध, सिद्धरामेश्वरालाच ठाऊक! वर गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत सोनोग्राफीची वेळ हुकली, तिचेही पैसे बिलात. काय करू?

होटगीरोडवाला: काय बे, असं सोडायचं नाही. २०२४ पासून नियम असा की सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दडवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध केली तरच. आधी हीच मुदत ८ वर्षं होती. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळव. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याचे विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी. फी नाही, वकील नाही.

अक्कलकोटची काकू: मध्ये विम्याची रक्कम वाढवली होती का? वाढीव भागाचे ६० महिने वेगळे मोजतात. आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट मागा. रिपोर्ट नाही तर पैसे कसले?

बाळीवेसकर: वाढवली होती काकू, तीनाचे पाच लाख. पण बिल मूळ तीन लाखांतच बसतं. आज मेल टाकतो.