फासे नसलेल्या लढतीत वार लागला, हे कोणी ठरवायचे?

काजळवाट :

गेली दोन वर्षे मी एका मुक्त रोलप्ले गटात लिहिते आहे. आमच्याकडे फासे नाहीत, गुणांचे तक्ते नाहीत, निकाल लावणारा बॉटही नाही. एकाने आपल्या पात्राची कृती लिहायची, दुसऱ्याने आपल्या पात्राकरवी तिला उत्तर द्यायचे आणि त्यातून प्रसंग पुढे सरकायचा, एवढाच आमचा नियम आहे. संवाद, प्रवास, दरबारातली कारस्थाने हे सगळे या पद्धतीने उत्तम चालते. तलवारी उपसल्या गेल्या की मात्र गाडे अडते.

मागच्या आठवड्यात माझी तलवारबाज नायिका आणि दुसऱ्या एका सदस्याचा भालाईत पडक्या पुलावर समोरासमोर आले. त्यांच्या पहिल्याच पोस्टचा शेवट असा होता : ‘त्याचा भाला तिच्या उजव्या खांद्यात घुसला, तलवार हातून गळाली आणि ती गुडघ्यांवर कोसळली.’ माझ्या पात्राचे काय झाले, हे त्यांनीच लिहून टाकल्यामुळे मला लिहिण्याजोगे काही उरले नाही. मी हरकत घेतली, तेव्हा ते म्हणाले की, असे लिहिले नाही तर तुम्ही एकही वार लागू देत नाही. मी जुन्या लढती काढून वाचल्या. गेल्या दोन लढतींत माझी नायिका खरोखरच प्रत्येक वार चुकवून निसटली होती.

आता गटात फासे आणण्याचा प्रस्ताव आला आहे. मला ते नको आहेत, पण नको म्हणताना दुसरा कोणता मार्ग सुचवावा, हे कळत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मृण्मयी :

तुमच्या प्रतिस्पर्ध्याने जे केले, त्याला रोलप्ले करणारे ‘ऑटोहिट’ म्हणतात, आणि तुमच्याकडून जे झाले ते ‘गॉडमॉडिंग’मध्ये मोडते. दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे. समोरच्याला जो निर्णय घ्यायचा असतो तो ऑटोहिट करणारा परस्पर घेऊन टाकतो, आणि समोरच्याने घेतलेल्या मेहनतीला कधीच फळ येऊ न देऊन गॉडमॉडिंग करणाराही तेच साधतो. हल्ला करणाऱ्याने कृती लिहावी आणि तिचा परिणाम ज्याच्या अंगावर ती येते त्याने लिहावा, हा मुक्त लढतीचा पाया आहे.

आता ते वाक्य जवळून पाहू. ‘घुसला’, ‘गळाली’, ‘कोसळली’ या तिन्ही क्रियापदांनी निकाल लावून टाकला आहे, आणि शेवटची दोन तर तुमच्या पात्राची आहेत. तोच वार असा लिहिता आला असता : ‘उजवा पाय पुढे टाकत त्याने दोन्ही हातांनी भाला तिच्या उजव्या खांद्याच्या रोखाने रेटला, पुलाच्या ओल्या दगडावर मागचे पाऊल किंचित सरकले आणि त्याची डावी कूस क्षणभर उघडी पडली.’ यात भाल्याची दिशा आहे, जोर आहे, दोन्ही हात गुंतल्याची कबुली आहे आणि उघडी पडलेली कूसही आहे. बचाव करणाऱ्याला एवढे धागे मिळाले की उत्तर आपोआप सुचते. वाक्यावाक्याला ‘मारण्याचा प्रयत्न केला’ असे लिहिण्याची मुळीच गरज नाही, त्याने लढतीतला जीवच जातो. रोखला, उगारला, रेटला, फिरवला, झेपावला अशी कितीतरी क्रियापदे मराठीत आहेत, ज्यांत कृती पूर्ण होते आणि निकाल मात्र उघडा राहतो. लढत लिहिणाऱ्याने ती जिभेवर खेळवली पाहिजेत.

जुनाफासा :

फासे हवेत की माणसाचा विवेक, हा वाद रोलप्लेपेक्षा कितीतरी जुना आहे. प्रशियाच्या सैन्यासाठी राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले, तेव्हा तोफा-बंदुकांचा परिणाम फासे आणि तक्ते यांवरून ठरत असे. ते फार किचकट होते. १८७६ मध्ये फॉन वेर्डी दु वेर्न्वा यांनी तक्ते बाजूला सारून निकाल अनुभवी पंचाच्या निर्णयावर सोपवला. पुढे १९९१ मध्ये ‘अँबर’ हा फासे पूर्णपणे वगळणारा रोलप्लेइंग खेळ आला, पण तिथेही अंतिम शब्द संचालकाचाच असतो. म्हणजे फासे गेले तेव्हा त्यांची जागा तिऱ्हाइताने घेतली. तुमच्या गटात तिऱ्हाईतही नाही, आणि जे निकाल ठरवतात तेच लढत असतात, ही खरी अडचण आहे.

म्हणून माझा सल्ला असा की, नेहमीच्या चकमकींसाठी पात्रांबाहेरचे बोलणे आधी करून घ्यावे. ही लढत कशासाठी आहे, कोणाचे काय पणाला लागले आहे, जखम किती खोल चालेल आणि मृत्यू चालेल का, एवढे ठरले की पुढचे पुष्कळ तंटे टळतात. पात्राचा जीव जाणार असेल, तर दोघांनाही मान्य असलेला पंच नेमावा. फाशांबद्दल माझ्या मनात अढी नाही. परस्परांवर भरवसा नसलेल्या दोघांना ते शांतता देतात. मात्र वार लागला की नाही, एवढेच फासा सांगतो, त्या वाराचे लेखन त्याला करता येत नाही.

तिसरा प्रहर :

जुनाफासा यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. जय-पराजयही आधीच ठरवण्याची प्रथा काही गटांत आहे, आणि तिच्यामुळे भांडणे मिटतात हे खरे. पण पुढच्या पोस्टमध्ये काय येईल, ही धाकधूकही तिच्याबरोबर नाहीशी होते. मी तर त्या धाकधुकीसाठीच लिहितो. मर्यादा आधी ठरवाव्यात, निकाल लढतीतूनच निघावा.

त्यासाठी दोन गोष्टींवर कटाक्ष हवा. पहिली म्हणजे जागा आणि वेळ. पात्रे किती पावलांवर उभी आहेत, हे प्रत्येक पोस्टमध्ये स्पष्ट असावे आणि एका पोस्टमध्ये एका श्वासात होईल एवढीच हालचाल असावी. वीस पावलांवरच्या माणसाने एकाच पोस्टमध्ये धावत येऊन तीन वार करावेत आणि परत ढालीआड जावे, हे वाचताना लढत खोटी वाटू लागते.

दुसरी गोष्ट तयारीची. एका गटात मी महिनाभर एक द्वंद्व लिहीत होतो. निर्णायक वार माझ्या हातात आला, तेव्हा समोरच्या लेखकाने जाहीर केले की, त्याच्या पात्राने पाच पोस्टींपूर्वीच मनातल्या मनात कवच-मंत्र बांधून ठेवला होता. मी मागची प्रत्येक ओळ पुन्हा वाचली, मंत्राचा उल्लेख कुठेही नव्हता. माझे महिनाभराचे लेखन त्या एका वाक्याने वाया गेले आणि मी तो गट सोडला. जे लिहिले नाही ते घडले नाही, हा नियम तुमच्या गटात आजच लावून घ्या. गुप्त ठेवायचेच असेल, तर लढतीपूर्वी पंचाकडे लिहून द्यावे.

आणि काजळवाट, वार अंगावर घ्यायला शिका. जखमी पात्राजवळ लिहिण्याजोगे खूप असते.

काजळवाट :

सर्वांचे मनापासून आभार. मी त्या सदस्यांशी काल सविस्तर बोलले. माझ्या निसटण्याबद्दल मी आधी दिलगिरी व्यक्त केली, मग मृण्मयी यांचे वाक्य त्यांना दाखवले. त्यांनी आपली पोस्ट जवळजवळ त्याच शब्दांत बदलली. या लढतीत मृत्यू नाही, पण जायबंदी होणे चालेल, असे आम्ही ठरवले आहे. फाशांचा प्रस्तावही तूर्त थांबला आहे.

माझे उत्तर आज टाकले : ‘तिने अंग चोरले, पण पुरेसे नाही. पाते खांद्याचे मांस चिरत गेले आणि उजव्या हाताची बोटे बधिर झाली. तलवार सुटण्यापूर्वीच तिने ती डाव्या हातात घेतली आणि उघड्या पडलेल्या त्याच्या कुशीकडे खालून वर फिरवली.’ डाव्या हाताने ती कधीच लढलेली नाही, त्यामुळे हा वार कच्चा आहे आणि पोस्टमध्ये मी तसे लिहिलेही आहे. तो लागला की नाही, हे आता ते लिहितील.