जपान ट्रिप यूट्यूब बघून ठरवतोय, वडिलांना इमाबारी दाखवायचंय, मदत करा

टेरीटॉवेल_सोलापूर
नमस्कार मंडळी. आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, वडिलांचं उभं आयुष्य मागावर गेलंय. नोव्हेंबरात आई-वडिलांना घेऊन १० दिवस जपानला जायचं पक्कं केलंय. दोन महिने झाले रोज रात्री जेवणं झाली की टीव्हीवर यूट्यूब लावून बसतोय, पण जितकं बघतोय तितका घोळ वाढतोय. सगळ्या चॅनलवर तेच, शिबुयाचं क्रॉसिंग, क्योतोच्या फुशिमी इनारी देवळाच्या लाल कमानी, ओसाकातलं डोतोंबोरी. एक जण म्हणतो जेआर पास (तिथल्या रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) घेतलाच पाहिजे, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात.
परवा वडील बघता बघता म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण टॉवेल कुठं विणतात ते दाखव की." त्यांनी व्यापाऱ्यांकडून इमाबारीचं नाव ऐकलंय, शिकोकू बेटावर आहे म्हणे. मी शोधलं तर मराठीत सोडा, हिंदीतही धड एक व्हिडिओ सापडला नाही.
तर विचारायचं असं की व्हिडिओवर भरवसा ठेवून प्लॅन करायचा तर कसा करायचा, आई माळकरी आहे तर तिच्या खाण्याचं काय, आणि मला स्वतःला तिथलं शूट करून इकडच्या आमच्या मागवाल्या लोकांसाठी मराठीत टाकायचंय, तर काय चालतं काय नाही?

होटगीरोड_भटकी
आधी व्हिडिओची तारीख बघा हो, बाकी सगळं नंतर. जेआर पास ७ दिवसांचा आधी २९,६५० येनला होता, ऑक्टोबर २०२३ पासून ५०,००० झाला. त्याच्या आधीचे सगळे व्हिडिओ "घ्याच घ्या" म्हणतात आणि ते तेव्हा बरोबरच होतं, पण ते व्हिडिओ अजून वर येतात. आम्ही गेल्या वर्षी एका एजंटच्या सांगण्यावरून चौघांचे पास घेतले आणि फिरलो किती, तर तोक्यो ते क्योतो आणि परत. एका बाजूचं तिकीट साधारण १४ हजार येन, म्हणजे माणशी २८ हजारांचा प्रवास ५० हजारात केला. मला आजही त्याचं वाईट वाटतं. तुम्ही तोक्योला उतरून ओसाकाहून परत या, उलटा हेलपाटा वाचतो, आणि पासचा हिशोब कागदावर स्वतः मांडा.
दुसरं, गप्पा मारणाऱ्या व्हिडिओंपेक्षा नुसते चालत चालत काढलेले लांब व्हिडिओ असतात ना, कुणी बोलत नाही, फक्त रस्ता दिसतो, ते वडिलांसाठी बघा. जिने किती, लिफ्ट कुठल्या गेटजवळ, बसायला बाकडं आहे का हे त्यातच कळतं. फुशिमी इनारीला वरपर्यंत सगळ्या पायऱ्याच आहेत, आईंना खालच्या कमानीतून फिरवून आणा, तेवढं पुरे.
आणि बॅग. लांबी रुंदी उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर तोक्यो-ओसाका-हिरोशिमाच्या शिनकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, त्यासाठी वेगळी सीट आधी बुक करावी लागते. घरीच टेप लावून मोजा.

मंगळवेढेकर_ओसाका
मी मूळचा मंगळवेढ्याचा, कामानिमित्त ओसाकात राहतो. टॉवेलसाठी कुणी इमाबारीला जातंय हे वाचून लई बरं वाटलं.
तुम्हाला व्हिडिओ सापडेना कारण तुम्ही आपल्या भाषेत शोधताय. विकिपीडियावर इमाबारीचं पान उघडा, तिथलं जपानी लिपीतलं नाव कॉपी करा, टॉवेलचा जपानी शब्द ट्रान्सलेटवरून घ्या आणि दोन्ही जोडून यूट्यूबवर टाका. मग तिथल्याच लोकांचे व्हिडिओ येतील, विणकाम, रंगाई, धुलाई. कॅप्शन ऑटो-ट्रान्सलेटवर ठेवा, मोडकंतोडकं येतं पण तुमच्या वडिलांना शब्दांची गरजच पडणार नाही.
तिथं १८९४ पासून टॉवेल बनतोय. इमाबारीचा शिक्का पाहिजे असेल तर टॉवेलचा तुकडा पाण्यावर टाकल्यावर ५ सेकंदांच्या आत बुडायला लागला पाहिजे, अशी त्यांची परीक्षा आहे. टॉवेल म्युझियम पण आहे तिथं.
जायचं असं, ओसाकाहून शिनकान्सेननं ओकायामा, तिथून शिओकाझे एक्स्प्रेस, साधारण दोन तासात इमाबारी. वाटेत १९८८ साली झालेला सेतो ओहाशी पूल लागतो, गाडी समुद्रावरून जाते, खिडकीची सीट घ्या.
आता आईंचं. इथं "व्हेज" म्हणून दिलेल्या नूडल्सच्या रश्शात पण माशाचा अर्क असतो, रश्शासाठीच्या अशा कुठल्याही अर्काला दाशी म्हणतात, हा बोनितो मासा वाळवून किसून केलेला. दुकानदार फसवत नाही, त्याच्या डोक्यात मांस नाही म्हणजे व्हेज. म्हणून एक रात्र कोयासानला काढाच. ओसाकाच्या नांबा स्टेशनहून नानकाई रेल्वे, शेवटी केबल कार. डोंगरावर बौद्ध मंदिरं, पन्नासएक मंदिरांत मुक्कामाची सोय, आणि जेवण शोजिन र्‍योरी, मांस-मासा नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही, दाशी समुद्री शेवाळाची नाहीतर मशरूमची. बुकिंग करताना माशाची दाशी नको हे तरी लिहाच. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ ला बसवलेला, मी पहिल्यांदा समोर उभा राहिलो तेव्हा डोळे भरून आले. नोव्हेंबरात तिथं थंडी कडक, आईंना स्वेटर दोन घ्या.
कडक भाकरी आणि शेंगा चटणी बिनधास्त आणा. ताजी फळं आणि मांसाचं काहीही आणू नका, विमानतळावर काढून घेतात.

कॅमेरा_सातरस्ता
शूटिंगचं सांगतो. क्योतोच्या गिओन भागात खासगी गल्ल्यांत पर्यटकांना २०२४ पासून बंदी आहे, १०,००० येन दंडाची पाटी लावलीय. फुजीच्या पायथ्याशी कावागुचिकोला तर एका दुकानामागून डोंगर दिसतो म्हणून इतकी झुंबड झाली की २०२४ च्या मे महिन्यात तिथल्या नगरपालिकेनं रस्त्याकडेला अडीच मीटर उंच काळा पडदा लावला. व्हिडिओ बघूनच लोक तिथं गेले होते, त्यामुळं आपण टाकताना जागा नेमकी सांगायची का याचा मी आता विचार करतो. ट्रेनमध्ये कॅमेऱ्याकडं बघून बोलत बसू नका, तिथं फोनवर पण कुणी बोलत नाही. ओनसेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या आंघोळीच्या जागी, कॅमेरा अजिबात नाही. ड्रोन १०० ग्रॅमच्या वर असेल तर आधी नोंदणी लागते. आणि कारखान्यात गेलात तर आधी विचारा, आपल्याकडं पण डिझाईन कुणाला काढू देत नाहीत की.
घरच्यांसाठी वेगळा व्हिडिओ करा, अनलिस्टेड ठेवा, लिंक असेल त्यालाच दिसतो.

टेरीटॉवेल_सोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जपानी लिपीतलं नाव टाकून शोधलं आणि पहिल्याच व्हिडिओत इमाबारीतला माग चालताना दिसला. वडील उठून टीव्हीजवळ गेले, आवाज वाढव म्हणाले, आणि जेकार्ड (नक्षी विणणारा माग) आहे हे दिसायच्या आधी आवाजावरून ओळखलं. मग आईला बादलीत पाणी आणायला लावून आमच्या टॉवेलचा तुकडा टाकून बघितला, घड्याळ लावून. पहिला धुतलेला होता, तो लगेच बुडाला. कोरा तरंगला. मांडीमुळं, म्हणजे सुताला लावलेल्या खळीमुळं, की काय ते आता दोघं मिळून बघतोय.
कोयासानची एक रात्र आणि इमाबारीच्या दोन पक्क्या. @मंगळवेढेकर_ओसाका, दादा, कारखान्याला आधी पत्र पाठवायचं झालं तर जपानीत चार ओळी लिहून द्याल का?

मंगळवेढेकर_ओसाका
देतो की. वडिलांनी किती वर्षं माग चालवला आणि कुठला, ते मला मेसेज करा, पत्रात ते पहिल्या ओळीत घालू. येताना आपला एक टॉवेल त्यांच्यासाठी घेऊन या.