मदत हवी आहे : उंच आणि सडपातळ आहे, तरी बॉक्सिंगमध्ये समोरचा सारखा आत शिरतो

मकरपुराकर :
नमस्कार. मी वडोदऱ्यात राहतो आणि गेल्या चार महिन्यांपासून संध्याकाळच्या वर्गात हौशी बॉक्सिंग शिकत आहे. माझी उंची ६ फूट १ इंच असून बांधा सडपातळ आहे. उंच माणसाला बॉक्सिंग सोपे जाते असे सगळे म्हणतात, पण माझा अनुभव नेमका उलटा आहे. माझ्यापेक्षा वीतभर ठेंगणी मुले सरळ आत शिरतात आणि बरगड्यांवर मारत सुटतात. पुढच्या हाताचा सरळ ठोसा, म्हणजे जॅब, वेळेत पोचतच नाही. मी जॅब टाकेपर्यंत समोरचा माझ्या छातीशी येऊन पोचलेला असतो. दीड महिन्यावर जिल्हा पातळीची निवड-लढत आली आहे आणि मला ती खेळायचीच आहे. तोपर्यंत वजन वाढवावे, की दुसरे काही करावे? 'कोचना विचारा' असे उत्तर कृपया देऊ नये, कारण त्यांच्याकडे तीस मुले आहेत आणि माझ्या वाट्याला त्यांची पाच मिनिटेसुद्धा येत नाहीत.

निवृत्त सुभेदार :
प्रश्न वाचला, पण उत्तर देता येईल एवढी माहिती त्यात नाही. वय किती, वजन किती, डावा पाय पुढे ठेवतोस की उजवा, आठवड्यातून किती वेळा स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, करतोस आणि ते तुझ्याच वजनाच्या मुलांशी असते का, हे आधी लिही. मी पलटणीच्या संघातून सहा वर्षे खेळलो आहे. उंच मुलगा मार खातो तेव्हा त्याची कारणे चार-पाचच असतात, पण त्यांतले तुझे कोणते हे अंदाजाने सांगणे बरोबर नाही.

कमाटीबागेत सकाळी :
तुम्ही ग्लोव्ह्ज कोणते वापरता हे लिहिलेले नाही. स्पॅरिंगसाठी १६ औंसांचेच घ्यावेत; स्पर्धेत वजनगटानुसार १० किंवा १२ औंसांचे मिळतात, पण सरावात ते वापरल्यास दोघांनाही इजा होते. हाताला गुंडाळायची पट्टी साडेचार मीटर लांबीची घ्यावी, कारण आखूड पट्टी मनगटावरच संपते आणि बोटांच्या मुळाशी आधार उरत नाही. करंगळीच्या मागचे हाड ठोसा तिरका बसला की मोडते. माझे मोडले होते आणि प्लास्टर निघायला पाच आठवडे लागले, म्हणून हे कळकळीने सांगत आहे.

मकरपुराकर :
ग्लोव्ह्जबद्दल माझा प्रश्नच नव्हता, तरी आभार. ग्लोव्ह्ज वर्गाचेच आहेत. सुभेदारकाका, वय २४, वजन ६२ किलो, डावा पाय पुढे. स्पॅरिंग दर शनिवारी असते आणि जो मोकळा असेल त्याच्याशी कोच लावून देतात. आता कृपया उपाय सांगा.

व्यायामशाळेचा जुना विद्यार्थी :
सहा फूट एक इंचाला ६२ किलो म्हणजे अंगावर काहीच नाही. ज्या गावात जुम्मादादांची आणि प्रोफेसर माणिकरावांची व्यायामपरंपरा आहे, त्या गावातल्या तरुणाने केवळ ठोसे शिकावेत आणि अंग कमवू नये याचे मला मनापासून वाईट वाटते. रोज पहाटे शंभर जोर आणि दोनशे बैठका एवढ्यापासून सुरुवात करावी आणि आठवड्यातून तीन दिवस मल्लखांब करावा. पकड, खांदे आणि पोटाचे स्नायू मल्लखांबाइतके दुसऱ्या कशानेही घट्ट होत नाहीत. जोडीला दूध, भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे घ्यावेत. दीड महिन्यात पाच किलो सहज चढतील आणि मग आत आलेला माणूस अंगाला आपटून मागे जाईल.

निवृत्त सुभेदार :
जोर-बैठकांना माझा विरोध नाही, माझा विरोध त्या पाच किलोंना आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली पुरुषांत ६३.५ किलोंच्या गटानंतर थेट ७१ किलोंचा गट होता. जिल्ह्यातले गट आयोजकांकडून विचारून घ्यावेत, पण तत्त्व तेच राहते : आज हा मुलगा आपल्या गटातला सर्वांत उंच असेल आणि वजन चढवून वरच्या गटात गेला की तिथे त्याच्याच उंचीची, पण भरलेल्या अंगाची मुले भेटतील. अमेरिकन व्यावसायिक बॉक्सर टॉमी हर्न्सची उंची ६ फूट १ इंचच होती आणि तो १४७ पौंडांच्या, म्हणजे ६६ किलो ७०० ग्रॅमच्या मर्यादेत लढून १९८० साली जगज्जेता झाला. लांबून येणारा डावा हात हे त्याचे एक मोठे हत्यार होते.

मकरपुराकर, तुझे लिहिणे वाचून मला वाटते की तुझा जॅब जातो हनुवटीपासून आणि परत येतो कमरेपाशी. उंच मुलांची ही ठरलेली खोड आहे, कारण लांब हात परत आणायला जास्त कष्ट पडतात आणि मन ते टाळते. दोन खांबांना तुझ्या खांद्याच्या उंचीवर सुतळी बांध आणि तिच्यापासून पाऊलभर मागे उभा राहा. जॅब सुतळीवरून गेला पाहिजे आणि सुतळीवरूनच परत आला पाहिजे. परत येताना मनगट सुतळीला घासले, की समज, तेवढ्या वेळात समोरच्याला तुझ्या हाताखालून दार उघडे मिळाले. दुसरी गोष्ट पायांची. जॅब टाकून सरळ मागे जाऊ नकोस, कारण पुढे धावणारा माणूस मागे जाणाऱ्यापेक्षा नेहमीच वेगवान असतो. डाव्या पायाच्या चवड्यावर वळ आणि त्याच्या वाटेतून बाजूला हो. गुडघे ताठ ठेवून हे जमत नाही, म्हणून आधी गुडघे सैल कर.

निळा कोपरा :
मी राज्य पातळीवर खेळले आहे आणि सुभेदारकाकांशी अर्धीच सहमत आहे. केवळ लांबून खेळायला शिकवलेली उंच मुले आत आलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर अक्षरशः गोंधळून जातात, कारण तिथे काय करायचे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. हर्न्सचे उदाहरण पुरे करायचे तर १९८१ साली शुगर रे लेनर्डशी झालेली लढतही सांगायला हवी. तेराव्या फेरीअखेर तिन्ही पंचांच्या गुणतक्त्यांवर हर्न्स पुढे होता आणि चौदाव्या फेरीत लेनर्डने त्याला गाठून लढत थांबवायला लावली. त्यामुळे आत आलेल्याला खालून अपरकट मारणे, कोपरे बरगड्यांना चिकटवून ठेवणे आणि वेळ आली तर त्याचे हात काखेत धरून ठेवणे हे पहिल्या महिन्यापासून शिकलेच पाहिजे.

निवृत्त सुभेदार :
ताई, ती लढत पंधरा फेऱ्यांची होती. हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांत संपते आणि तेवढा वेळ लांब राहणे साधते. धरून ठेवण्याचा सल्ला तर नवख्याला देऊच नये. हौशी बॉक्सिंगमध्ये धरणे हा नियमभंग आहे. पंच आधी समज देतात, मग ताकीद दिली की गुण जातो आणि तिसऱ्या ताकिदीला खेळाडू बाद होतो.

निळा कोपरा :
नियम मलाही ठाऊक आहे. एकदा धरून पंचांनी सोडवेपर्यंत श्वास मिळवणे आणि लढतभर लटकत राहणे यांत फरक आहे. अपरकटबद्दल मात्र तुम्ही काहीच बोलला नाहीत.

निवृत्त सुभेदार :
अपरकट शिकावा, हे मान्य. माझे म्हणणे क्रमाचे आहे : आधी पाय, मग जॅब, मग बाकी सारे.

नेत्रविभाग :
मला बॉक्सिंगमधले फारसे कळत नाही, पण मी डोळ्यांची डॉक्टर आहे आणि पहिल्या प्रश्नातील एक वाक्य मला अस्वस्थ करीत आहे. 'मी जॅब टाकेपर्यंत समोरचा माझ्या छातीशी येऊन पोचलेला असतो' असे तुम्ही लिहिले आहे. समोरचा निघतो ते तुम्हाला दिसते का? तुम्हाला चष्मा आहे का?

मकरपुराकर :
चष्मा आहे, पण तो घालून स्पॅरिंग कोण करू देईल? रिंगणात जाण्याआधी सगळेच काढून ठेवतात. नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस साडेसहा आहे. लहानपणापासूनच आहे, त्यात नवीन काही नाही. सुतळीचा प्रयोग काल गच्चीवर केला आणि काकांचे म्हणणे खरे निघाले. दर दुसऱ्या जॅबला मनगट सुतळीला लागत होते. वळण्याबद्दल अजून थोडे सांगावे.

निवृत्त सुभेदार :
वळण्याचे नंतर सांगतो. हे तू पहिल्या दिवशी का लिहिले नाहीस? डॉक्टरताई सांगत नाहीत तोवर शनिवारचे स्पॅरिंग बंद ठेव.

नेत्रविभाग :
मायनस साडेसहा नंबर असलेल्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण पंधरा सेंटिमीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते. त्यापुढचे सारे धूसर. हाताच्या अंतरावर उभा असलेला माणूस तुम्हाला आकार म्हणून दिसत असणार, पण खांदा हलण्याची सूक्ष्म खूण दिसत नसणार. म्हणजे तुमच्या पायांची आणि जॅबची चर्चा जी इतकी मनापासून चालली आहे, तिच्या आधी ही अडचण येते.

मात्र माझी खरी काळजी वेगळी आहे. एवढ्या नंबरचा डोळा मागून-पुढे लांबलेला असतो आणि त्यामुळे आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, ताणून विरळ झालेला असतो. अशा पडद्याला डोक्यावर किंवा डोळ्याजवळ बसलेल्या ठोशाने चीर पडू शकते, आणि चिरेतून पाणी मागे शिरले की पडदा सुटतो. याला दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागणे, अंधारात कडेला वीज चमकल्यासारखे वाटणे, किंवा एका बाजूने सावली सरकत येणे यांपैकी काही झाले असेल, तर उद्याची वाट पाहू नका. झाले नसले तरी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची कडेपर्यंत तपासणी करून घ्या. चष्म्याच्या दुकानातली नंबरची तपासणी त्यासाठी पुरत नाही.

कमाटीबागेत सकाळी :
मऊ कॉन्टॅक्ट लेन्स लावून खेळता येईल ना? किंवा लेझरने नंबर काढून टाकला तर प्रश्नच मिटेल. शिवाय हेडगार्ड असतोच.

नेत्रविभाग :
लेन्समुळे किंवा लेझरमुळे दिसणे सुधारते, पण लांबलेला डोळा लांबलेलाच राहतो आणि विरळ पडदा विरळच. लॅसिक प्रकारच्या शस्त्रक्रियेत तर बुबुळावर जी पातळ चकती उचलून परत बसवतात, ती जोराच्या माराने पुढे कित्येक वर्षांनीही सरकू शकते. हेडगार्डने कपाळ आणि गाल वाचतील. डोळ्यापुढची जागा उघडीच असते.

निळा कोपरा :
हेडगार्डवर विसंबू नये, हे खेळणाऱ्यांच्या बाजूनेही खरे आहे. प्रौढ पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय हौशी लढतींतून तो २०१३ सालीच काढला गेला. मकरपुराकर, आमच्या वेळी प्रत्येक लढतीआधी डॉक्टर तपासत असत, पण ती तपासणी दोन मिनिटांची असते. तुम्ही स्वतः नंबर सांगितल्याशिवाय तो कोणाला कळणार नाही आणि तुम्ही तो लपवू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मकरपुराकर :
लपवण्याचा हेतू नव्हता. ठिपके, वीज वगैरे काही नाही. सहा आठवड्यांतला एक आठवडा तपासणीत घालवायचा का, एवढाच प्रश्न आहे.

नेत्रविभाग :
हो, घालवायचा.

मकरपुराकर :
नऊ दिवसांनी लिहीत आहे. तपासणी करून घेतली. थेंब घातल्यावर बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या की दुपारी सूरसागराच्या काठाने घरी येताना पाण्यावरची तिरीप सहन होईना. मी डोळ्यांवर रुमाल धरून एका दुकानाच्या पायरीवर अर्धा तास बसून राहिलो. उजवा डोळा ठीक आहे. डाव्या डोळ्यात कडेला दोन ठिकाणी पडदा विरळ झाला असून एका ठिकाणी बारीक छिद्र आहे. त्याभोवती लेझर करून घेतले. डोक्याला मार बसेल असा कोणताही खेळ यापुढे खेळायचा नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. चार महिन्यांत एवढा जीव जडेल असे वाटले नव्हते. दोन दिवस कोणाशी बोललो नाही.

काल कोचना कागद नेऊन दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि डॉक्टर व्यायामाची परवानगी देतील तेव्हा दोरीवरच्या उड्या, बॅग आणि पायांचे काम चालू ठेव असे सांगितले. शिवाय दहा-बारा वर्षांच्या मुलांना पॅड, म्हणजे ठोसे झेलायच्या हातातल्या गाद्या, धरून देण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. त्यासंबंधी एक प्रश्न आहे. आज नुसते धरून पाहिले, तर मुलांचे ठोसे पॅडच्या खालच्या कडेलाच लागत होते आणि एकाचे मनगट वाकले. उंच माणसाने पॅड कसे धरावेत?

नेत्रविभाग :
लेझर केलेली जागा पक्की चिकटायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर उड्या आणि जोराचे काम नको, आणि पॅड धरायला कधी सुरुवात करायची हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मघाशी सांगितलेली लक्षणे मात्र पुढेही लक्षात ठेवा.

निवृत्त सुभेदार :
तू पॅड तुझ्या खांद्याशी धरत असणार. पॅड मुलाच्या हनुवटीच्या उंचीवर धरायचा, तुझ्या नव्हे. त्यासाठी कमरेतून वाकू नकोस, पाय रुंद टाकून गुडघ्यांतून खाली बस, नाहीतर आठ दिवसांत पाठ धरेल. ठोसा येताना पॅड जरासा पुढे नेऊन त्याला भेट, म्हणजे मुलाचे मनगट सरळ राहते. कोपर सैल ठेव. चेहरा पॅडच्या रेषेत कधीही आणू नकोस आणि चष्म्याला मागून पट्टा बांध. ज्याचे मनगट वाकले त्याला उद्या ठोसे मारू देऊ नकोस. आधी त्याची पट्टी सोडून पुन्हा बांध आणि अंगठ्यापाशी ती दोन वेढे गेली आहे का ते पाहा.