ऊस वाढतोय, गावाच्या पाण्याचा हिशोब कसा मांडू?

शिवारकर: गाव माण तालुक्यातलं. शिवार ९०० हेक्टर, वस्ती १५००, पाऊस ५०० मिमी धरतो. यंदा विहिरी भरल्यात म्हणून जो तो ऊस लावतोय. त्याची पाण्याला आणि माणसांना किती किंमत पडते ते ग्रामसभेपुढे ठेवायचंय. टँकर, हंड्यांमागे जाणारा बायकांचा वेळ, सगळं रुपयांत आणायला बसलो आणि अडकलो. मला एक्सेल येतं, त्यापुढचं काही येत नाही.

काळाकातळ: एक्सेल पुरे. हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर. तुमच्या शिवारात ४५ लाख घनमीटर पडतं, पण आपल्या कातळात मुरतं दहा टक्क्यांच्या आसपास. साडेचार लाख धरा. उसाला हेक्टरी २० हजार घनमीटर पाणी लागतं, पावसाचा वाटा वजा जाता १५ हजारांचा उपसा. ३० हेक्टर ऊस झाला की मुरलेलं संपलं! आणि माणशी रोज ५५ लिटरने अख्ख्या गावाचं वर्षाचं पिणं किती? ३० हजार घनमीटर. दोन हेक्टर उसाएवढं. पाटपाण्यातलं थोडं परत मुरतं, त्याचा रकाना ठेवा, नाहीतर पहिला आक्षेप तिथेच येईल.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाला एकदा जाऊन या. तिथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात.

माणदेशी_लेक: दादा, हंड्यांच्या तासांचे रुपये करू नका. आमच्या गावात मजुरीच्या दराने केले होते. सगळी सभा दर किती धरायचा यावरच भांडली, बायकांचं राहूनच गेलं. तास तासांतच लिहा. आणि गावाची एकच बेरीज नको. विहीर नसलेली घरं वेगळी दाखवा, उन्हाळ्यात पहिली झळ त्यांनाच बसते.

ऊसबागायतदार: मी स्वतः ऊस लावतो, म्हणून सांगतो. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे, कारखाना नेतो. तुरीला हमीभाव असतो, पण खरेदी केंद्र उघडेपर्यंत माल व्यापाऱ्याला गेलेला असतो. ही जोखीम तक्त्यात नसेल तर आमच्यासारखे सभेतून उठून जातील. ठिबकचा पर्यायही मांडा, पण वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवायचं नाही ही अट घालून. आमच्याकडे नेमकं तेच झालं.

शिवारकर: सगळ्यांचे आभार. रुपयांचा रकाना फक्त टँकर आणि पिकापुरता ठेवतो. ताई, तासांची नोंद कोणी करावी? मी विचारलं तर बायका कमीच सांगतात.

माणदेशी_लेक: बचत गटातल्या दोघींना सांगा. एप्रिल-मेचे पंधरा दिवस पुरतील, नळाला पाणी येतं ते दिवसही धरून.